फायब्रोमायल्जिया

फायब्रोमायल्जिया : अंगभर पसरलेले व किमान तीन महिने टिकणारे दुखणे, झोपूनही न जाणारा थकवा आणि स्मरण-एकाग्रतेतील मंदपणा यांचा लक्षणसमूह. ‘तंतू’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाला ‘स्नायू’ व ‘वेदना’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून हे नाव बनले आहे.

नावाचा इतिहास गुंत्याचा आहे. ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये कंबरदुखीसंदर्भात ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द योजला. त्यात तंतुमय ऊतींचा दाह गृहीत होता. त्याच वर्षी ग्लासगोचे राल्फ स्टॉकमन यांनी अशा ऊतींत दाहजन्य गाठी आढळल्याचे लिहिले. पुढील संशोधकांना त्या सापडल्या नाहीत, तरी नाव सुमारे सत्तर वर्षे चालू राहिले. दाहाचा दावा वगळणाऱ्या आजच्या नावाचे श्रेय सहसा फिलिप काहलर हेंच यांना (१९७६) दिले जाते.

निदानाबाबतही मते बदलत गेली. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या १९९० च्या निकषांत शरीरावरील ठरावीक १८ बिंदूंपैकी ११ दाबल्यावर दुखरे असणे आवश्यक होते. दाब सुमारे ४ किलोचा, म्हणजे तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका. हा दाब प्रत्येकाच्या हाताने सारखा पडणे कठीणच. २०१० च्या निकषांत बिंदूंची अट गेली आणि दुखऱ्या भागांची संख्या व लक्षणांची तीव्रता यांना गुण देण्याची पद्धत आली. संधिवातासारखा दुसरा आजार असला म्हणून हे निदान बाद होत नाही, असे २०१६ च्या सुधारणेत स्पष्ट केले आहे. रक्ताची किंवा क्ष-किरणांची निर्णायक चाचणी नाही. त्या चाचण्या इतर आजार वगळण्यापुरत्या. ‘रिपोर्ट नॉर्मल’ आल्यावर दुखणेच खोटे ठरवले जाण्याचा रुग्णांचा अनुभव यातूनच येतो.

कारणाविषयी एकमत नाही. मेंदू व मेरुरज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, हे मत आज अधिक ग्राह्य धरले जाते. मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात) ‘सबस्टन्स पी’ या वेदनावाहक द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळणे त्याला पूरक आहे. २०२१ मध्ये रुग्णांची प्रतिपिंडे (रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने) टोचलेल्या उंदरांत वेदनासंवेदना वाढल्याचे दिसले. त्यावरून हा स्वप्रतिरक्षाविकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) म्हणणे मात्र घाईचे ठरेल.

आजार समूळ बरा करणारा उपचार नाही. यूरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे. चालणे, पाण्यातील व्यायाम यांची सुरुवात अगदी थोडक्यापासून करावी लागते. बरे वाटलेल्या दिवशी तुंबलेली सारी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळायचे, हे चक्र नेहमीचे; म्हणून चांगल्या दिवशीही काम तुकड्या-तुकड्याने, थकण्याआधी थांबून करायला शिकवतात. झोपेची वेळ सांभाळणे व बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलण्याची मानसोपचार पद्धत) यांचाही काहींना उपयोग होतो. औषधांपैकी रात्री अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलीन, तसेच ड्युलोक्सेटीन व प्रीगॅबलिन वापरतात. गुण काही रुग्णांनाच येतो. दाहशामक गोळ्यांचा विशेष उपयोग होत नाही आणि तीव्र अफूजन्य वेदनाशामके टाळावीत असाच सल्ला आहे.