वसईची वाडी : कॅथलिक कुटुंबजीवन आणि श्रद्धा

वसई तालुक्याच्या पश्चिम किनारपट्टीत घर, विहीर, गोठा आणि बागायत ज्या एकाच आवारात असतात अशा छोट्या शेतजमिनीला ‘वाडी’ म्हणतात. तिच्यावर राबणाऱ्या कॅथलिक कुटुंबांची जीवनरीत आणि उपासना या जमिनीच्या कामाशी इतकी जोडली गेली, की वाडीचे वर्णन केवळ शेती म्हणून किंवा केवळ धर्माचरण म्हणून केले तर ते अर्धेच राहते. काही गुंठ्यांपासून एक-दोन एकरांपर्यंतच्या या जमिनींवर केळी, नारळ, नागवेल, भाजीपाला आणि फुले पिकत आली आहेत. कुटुंबाची माणसे हेच तिचे मुख्य मनुष्यबळ होते.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामधल्या या सखल पट्ट्यात गोडे पाणी जमिनीखाली फार खोल नाही, आणि वाडीचे सारे गणित याच एका गोष्टीवर उभे आहे. विहिरींच्या जोडीला येथे ‘बावखले’ खणली गेली. बावखल म्हणजे बांधीव काठ नसलेले, पावसाने भरणारे आणि जमिनीतल्या झऱ्यांशी नाते राखणारे गोड्या पाण्याचे छोटे तळे. त्यावर रहाट बसवून बैल किंवा रेडा फिरवीत, रहाटाच्या मडक्यांतून वर आलेले पाणी पाटात सोडीत आणि पाटातून ते एकेका आळ्यापर्यंत पोहोचे. पाटाचे दार मोडून पाणी कोणी वळवायचे, कोणत्या वाफ्याला आधी पाणी द्यायचे, जनावर कोणी हाकायचे, ही कामे वयाप्रमाणे वाटलेली असत. मूल लहानपणीच पाटाच्या पाण्यात उतरत असल्याने घरातल्या कामाची शिस्त त्याला कोणी वेगळी शिकवावी लागत नसे. पुढे डिझेल इंजिने आणि विजेचे पंप आले, रहाट थांबले. श्रम कमी झाले, पण पाण्याचा उपसा किती करायचा यावर जनावराच्या दमाची जी मर्यादा होती तीही गेली.

वसईचा प्रदेश 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो जिंकून घेतला. या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरील अनेक जातिसमूहांतील कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज सत्ता गेली तरी ती वस्ती, तिची चर्चे आणि डिमेलो, लोपीस, परेरा, तुस्कानो, मच्याडो यांसारखी आडनावे राहिली. ही आडनावे पाहून वसईकर ख्रिस्ती माणसाला परका किंवा गोव्याहून आलेला समजण्याची चूक महाराष्ट्रात आजही होते. प्रत्यक्षात सामवेदी, वाडवळ आणि कोळी हे येथील ख्रिस्ती समाज पिढ्यानपिढ्या मराठीच्याच बोली बोलत आले आहेत. त्यांपैकी वाडीची शेती मुख्यतः सामवेदी आणि वाडवळ समाजांची. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात आणि त्यांची बोली ‘कादोडी’ किंवा सामवेदी या नावाने ओळखली जाते. ‘कुपारी’ या शब्दाची व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ या शब्दाशी जोडली जाते. मुलाच्या बाप्तिस्म्यात जो त्याचा धर्मपिता होतो त्याचे मुलाच्या आईबापांशी जडणारे नाते या शब्दाने दर्शविले जाते. एका समाजाचे नावच धर्मसंस्कारातून जुळलेल्या सोयरिकीवरून पडावे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. मुंबई, साष्टी व वसई भागांतील मूळ ख्रिश्चनांना ‘ईस्ट इंडियन’ असेही म्हणतात. हे नाव मात्र 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिश्चनांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी स्वीकारले गेले. जमिनीशी त्याचा संबंध नाही.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या ‘ल्यूमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडील हेच मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक असल्याचे सांगितले. वसईच्या वाड्यांवर ही गोष्ट त्या दस्तऐवजाच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती. घराच्या पुढल्या खोलीत येशू, त्याची आई मारिया आणि संतांच्या तसबिरी किंवा मूर्ती मांडलेली वेदी असते. सायंकाळी चर्चची घंटा झाली की हातातले काम थांबवून देवदूताची प्रार्थना म्हणायची आणि रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर सर्वांनी वेदीपुढे बसून रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, म्हणायची, ही रीत. रोझरीत ‘नमो मारिया’ ही प्रार्थना एकाने अर्धी म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली अर्धी पुरी करायची असते. दिवसभर वाडीत वाकलेल्या माणसाला डुलकी येणे यात अगदी साहजिक आहे, आणि पेंगणाऱ्या मुलाला पुढची ‘नमो मारिया’ सुरू करायला लावणे हा त्यावरचा आजीचा खात्रीचा उपाय. परिषदेपूर्वी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई, त्यामुळे प्रार्थना लोकांच्या जिभेवर खऱ्या अर्थाने रुजली ती घरातच. मिस्सा मराठीत होऊ लागल्यावर घरची आणि चर्चची भाषा प्रथमच जवळ आली. जुन्या बोलीत चर्चला देऊळच म्हणत.

धार्मिक वर्ष आणि शेतीचे वर्ष यांची वीण सर्वांत स्पष्ट दिसते ती पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्तकाळात. ‘झावळ्यांचा रविवार’ या मराठी नावातच स्थानिक झाड आहे. येरुशलेममध्ये येशूचे स्वागत खजुराच्या फांद्यांनी झाले. किनाऱ्यावर त्यांची जागा नारळाच्या कोवळ्या झावळीने घेतली. आशीर्वादित झावळीचा तुकडा क्रुसाच्या आकारात विणून घरातल्या वेदीशी ठेवतात. कॅथलिक रीतीप्रमाणे याच जुन्या, वाळलेल्या झावळ्या जाळून पुढल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसाची, राख तयार होते. म्हणजे वाडीतल्या माडावरून उतरलेले पान वर्षभर घरात राहून अखेर त्याच गावच्या माणसांच्या कपाळी लागते. चाळीस दिवसांच्या या काळात, विशेषतः शुक्रवारी, मांस वर्ज्य असते. मासळी चालत असल्यामुळे समुद्राकाठच्या घरात हा उपवास तितकासा कडक होत नाही, हेही प्रांजळपणे नोंदवायला हवे. प्रायश्चित्तकाळात आणि नाताळपूर्वीच्या आगमनकाळात लग्नसोहळे टाळतात, पावसाळ्यात शेतकऱ्याला सवड नसते. परिणामी लग्ने नाताळनंतर राखेच्या बुधवारापर्यंत आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर पाऊस येईपर्यंत अशा दोन हंगामांत एकवटतात.

नव्या पिकाचा सण किनाऱ्यावरच्या कॅथलिक समाजांत सर्वत्र असला तरी त्याचा दिवस भात कधी पिकते यावर आणि तिथल्या परंपरेवर ठरलेला आहे. गोव्यात ऑगस्टपासून गावोगाव ‘कणसांचे फेस्त’ होते, मंगळूरचे कॅथलिक 8 सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, ‘मोंती फेस्त’ साजरे करून नव्या तांदळाचे दाणे घरातल्या जेवणात मिसळतात, तर ईस्ट इंडियन समाजाचा ‘आगेरा’ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. पहिली कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करणे हे तिन्हींत समान आहे. त्याच ऑक्टोबरात रोझरीचा महिना येतो आणि 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी कबरी फुलांनी सजतात. मे महिना मारियेचा मानला जातो. ऊन कडक, विहिरी खाली गेलेल्या, शाळा बंद, अशा दिवसांत आळीतल्या क्रुसापाशी जमून प्रार्थना होते. याच सुमारास ईस्ट इंडियन घरांतील बायका वर्षाचा मसाला भाजून-कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात. त्यावरूनच त्याला ‘बाटली मसाला’ हे नाव पडले.

रविवारच्या विश्रांतीचा प्रश्न छोट्या शेतकऱ्यापुढे नेहमीच उभा असतो. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेने रविवारी अंगमेहनतीची कामे करण्यास मनाई केली होती. 1983 च्या सुधारित संहितेने देवाची उपासना व मनाची आणि शरीराची विश्रांती यांच्या आड येणारी कामे टाळण्यास सांगितले. परंतु म्हशीची धार रविवार पाहत नाही आणि उन्हाळ्यात पानवेलीला पाण्याचा खंड सोसत नाही. अशी अनिवार्य कामे चर्चनेही कधी दोषास्पद मानली नाहीत. त्यामुळे पहाटे धार काढून आणि पाणी सोडून मग मिस्सेला जायचे, पण खणणी, लावणी, बाजार यांना त्या दिवशी हात लावायचा नाही, असा व्यवहार्य मेळ बसला.

वाडीच्या उत्पन्नाचा मोठा भाग बायकांच्या हाती असे. भाजी, फुले आणि केळी टोपल्यांत भरून पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात नेणारी, तांबडे लुगडे नेसलेली वसईवाली हे पश्चिम रेल्वेवरचे जुने दृश्य आहे. पावसानंतरच्या कोरड्या हंगामात पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून ‘सुकेळी’ करतात. दिवसा उन्हात मांडायची आणि संध्याकाळी आत घ्यायची, हे काम कित्येक दिवस चालत असल्याने त्यात म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांचे हात लागतात. तयार सुकेळी केळीच्याच वाळक्या पानांत बांधून विकतात. पीक हाती येईपर्यंतच्या कर्जासाठी सावकाराकडे जावे लागू नये म्हणून याच समाजातून, मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने, 1918 मध्ये सहकारी पतसंस्था उभी राहिली. आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक हे तिचेच वाढलेले रूप आहे. धर्मगुरू प्रवचनासोबत पतपुरवठ्याचाही विचार करू लागला, यात वसईच्या चर्चचा स्वभाव दिसतो.

जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी कुटुंबाला वाडीबाहेरचे गाव लागते. ईस्ट इंडियन लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल आहे. चर्चच्या संस्कारांत हा विधी नाही, तो मराठी मुलखातल्या जुन्या लग्नरीतीचा वारसा आहे, आणि चर्चमधील विवाहसंस्कारासोबत तो निर्वेधपणे टिकला. घरातले एखादे मूल धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होणे हा मोठा मान समजला जातो. वसईने अशी माणसे चर्चला मोठ्या संख्येने दिली आणि 22 मे 1998 रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला विभाग, झाला. 1862 मध्ये संतपद मिळालेले, 1597 मध्ये जपानच्या नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हे वसईतच जन्मलेले. गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे.

वाडीचे तुकडे होण्यामागे बाजारभावाइतकाच वारसा कायद्याचाही हात आहे. भारतीय ख्रिश्चनांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू असून मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे व मुली यांना सारखा वाटा मिळतो. हिंदू मुलींना वडिलार्जित संपत्तीत मुलाच्या बरोबरीचा हक्क कितीतरी उशिरा आला, हे पाहता हा कायदा पुढारलेला होता. पण वीस गुंठ्यांची वाडी पाच जणांत वाटली की प्रत्येकाच्या हाती शेतीऐवजी घराची जागा उरते. अनेक घरांत बहिणींनी हक्कसोड करून हा प्रश्न पुढे ढकलला. ही कुटुंबप्रेमाची खूण मानायची की बहिणींवरचा अन्याय, यावर घराघरांत एकमत नाही.

उपनगरी रेल्वेमुळे मुंबईची वस्ती वसई-विरारपर्यंत पसरली तशी वाडीची जमीन पिकापेक्षा बांधकामाला अधिक मोलाची झाली आणि विहिरींचे पाणी टँकरने इमारतींना विकले जाऊ लागले. समुद्रालगत गोडे पाणी मर्यादेबाहेर उपसले की खारे पाणी आत सरकते. त्यामुळे पाणी विकणाऱ्याची विहीर आणि न विकणाऱ्या शेजाऱ्याची विहीर दोन्ही खारट होऊ शकतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 2024) यांनी केले. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादक आणि उस्मानाबाद येथे 2020 मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण वाडीवाल्यांना ते आधी आठवतात ते पाणी आणि जमीन यांसाठी रस्त्यावर उतरलेले फादर म्हणून. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा आपली गावे तीतून वगळावीत अशी मागणी याच हरित पट्ट्यातून झाली.

आज बहुतेक घरांत कोणी ना कोणी नोकरीला आहे आणि वाडी हे पूरक उत्पन्न झाले आहे. संध्याकाळच्या घंटेला माणसे पाटावर नसतात, लोकलमध्ये असतात. त्यामुळे रोझरीची वेळ पुढे सरकून रात्री नऊ-दहावर गेली. अनेक बावखले भराव घालून बुजवली गेली. काही गावांत मात्र गाळ काढून ती पुन्हा वापरात आणण्याचे काम स्थानिक लोक करीत आहेत. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, वटार या बाजूला केळी आणि फुलझाडे अजून उभी आहेत, आणि पहाटे खुडलेला मोगरा व चाफा विरारहून सुटणाऱ्या गाड्यांतून दादरच्या फूलबाजारात पोहोचतो.