अटलांटिक सिटी: एका वर्षात चार कॅसिनो का बुडाले?

2014 साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत 12 पैकी चार कॅसिनोंना टाळं लागलं आणि सुमारे 8,000 लोकांच्या नोकऱ्या गेल्या. याची सुरुवात 1976 च्या सार्वमतापासून होते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं हे जुनं सहलीचं गाव तेव्हा ओस पडत चाललं होतं. त्याला सावरायला मतदारांनी राज्यात फक्त इथेच कॅसिनोला परवानगी दिली. 26 मे 1978 ला रिसॉर्ट्स इंटरनॅशनल हा इथला पहिला कॅसिनो सुरू झाला. तोवर अमेरिकेत कायदेशीर कॅसिनो म्हणजे लास व्हेगासचं नेवाडा राज्य, एवढंच समीकरण होतं.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाचं गिऱ्हाईक आयतं मिळालं. बस भरभरून यायच्या, त्यात निवृत्त मंडळी बरीच. उतरल्या उतरल्या कॅसिनो त्यांच्या हातावर पंचवीस सेंटच्या नाण्यांची गुंडाळी ठेवायचा. ती स्लॉट मशीनमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रात संपायची, वर पदरचेही पैसे जायचे आणि संध्याकाळी परतीची बस. मुक्कामाला फारसं कोणी राहत नसे. माझ्या मते हे शहर जगलं ते मक्तेदारीवर.

जागा वाढवण्याची घाई मात्र आधीपासूनच होती. डोनाल्ड ट्रम्प यांचे इथे आधीच दोन कॅसिनो असताना 1990 मध्ये त्यांनी चढ्या व्याजाच्या रोख्यांवर ताजमहाल नावाचा तिसरा कॅसिनो उभारला. 1991 मध्येच तो दिवाळखोरीत गेला.

पुढे शेजारी जागे झाले. 1992 मध्ये कनेक्टिकटमध्ये फॉक्सवूड्स कॅसिनो झाला, 2006 अखेरीस पेनसिल्व्हेनियात स्लॉट मशीन सुरू झाली, 2010 मध्ये तिथे पत्त्यांची टेबलंही आली. त्याच राज्यातल्या फिलाडेल्फियाच्या माणसाला आता तासभर गाडी चालवायचं कारणच उरलं नाही. अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंची कमाई 2006 मध्ये 5.2 अब्ज डॉलर होती. 2014 मध्ये ती 2.7 अब्जांवर आली.

आणि नेमक्या याच घसरणीत 2.4 अब्ज डॉलरचा रेव्हेल कॅसिनो बांधला गेला. मॉर्गन स्टॅन्ली ही बँक जवळपास अब्जभर डॉलरवर पाणी सोडून मधूनच बाहेर पडली, तेव्हा तरी थांबायला हवं होतं. उलट राज्याने करसवलत देऊन काम पुरं करवलं. एप्रिल 2012 मध्ये उघडलेला रेव्हेल सप्टेंबर 2014 मध्ये बंद पडला आणि पुढच्या वर्षी 8.2 कोटी डॉलरला विकला गेला.

या सगळ्यात सामान्य घरमालक भरडला गेला, ही गोष्ट मला सर्वांत अन्यायाची वाटते. कॅसिनोंच्या इमारतींचं मूल्य कोसळलं, त्यांनी भरलेला मालमत्ता कर अपिलात जाऊन परत मागितला आणि घरपट्टी चढत गेली. नोव्हेंबर 2016 मध्ये राज्याने शहराचा कारभारच हाती घेतला.

बंद पडलेले ताजमहाल आणि रेव्हेल जून 2018 मध्ये नव्या नावांनी पुन्हा उघडले. दरम्यान, 2013 मध्येच न्यूयॉर्कच्या मतदारांनी सात कॅसिनोंना मंजुरी दिली होती. त्यातले तीन परवाने न्यूयॉर्क शहर आणि त्याच्या आसपासच्या भागासाठी आहेत.