कथाधारित इंग्रजी अध्यापन

गोष्ट सांगून, वाचून दाखवून अथवा विद्यार्थ्यांकडून वदवून घेऊन वर्गात इंग्रजी शिकविण्याची पद्धती. पाठ लवकर संपला, वेळ उरला, म्हणून सांगितलेली गोष्ट या संज्ञेत मोडत नाही. शब्द, वाक्यरचना आणि उच्चार गोष्टीतूनच यावेत, अशी येथे अपेक्षा असते.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर भाषाशिक्षण आणि कथा यांचा संबंध बृहत्कथा या कथासंग्रहाचा कर्ता गुणाढ्य याच्या आख्यायिकेपर्यंत मागे नेता येतो, पण तो जपूनच न्यावा लागतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) आलेल्या वृत्तान्तानुसार जलक्रीडेच्या वेळी सातवाहन राजाला राणी ‘मोदकैः’ असे म्हणाली. ‘मा उदकैः’, म्हणजे पाणी उडवू नका, असा तिचा अभिप्राय होता. राजाने मोदक आणविले आणि त्याचे हसे झाले. त्याने संस्कृत शिकण्याचा ध्यास घेतला, तेव्हा एरवी बारा वर्षांत येणारे व्याकरण आपण सहा वर्षांत शिकवू, असे राजाचा मंत्री गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा या दुसऱ्या मंत्र्याने सहा महिन्यांची पैज लावली आणि कातंत्र व्याकरणाच्या बळावर ती जिंकली. हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा सोडल्या आणि पैशाची नावाच्या भाषेत बृहत्कथा रचली. त्याचा काळ इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे, काहींच्या मते आणखी दोन-तीन शतके अलीकडे मानला जातो. नेपाळी परंपरा त्याला मथुरा-उज्जयिनीकडे नेते. प्रतिष्ठानशी, म्हणजे आजच्या पैठणशी, असलेला संबंध मुख्यतः कथासरित्सागरासारख्या काश्मिरी पाठांवर उभा आहे. तरी सातवाहनांनी प्राकृताला दिलेला आश्रय पाहता तो अगदीच निराधार म्हणवत नाही. मात्र या आख्यायिकेत भाषा शिकविण्याची पैज व्याकरणकार जिंकतो आणि कथा जन्मते ती हरलेल्याच्या हातून, हे तिचा दाखला देताना विसरता येत नाही. पंचतंत्राचेही असेच आहे: विष्णुशर्म्याने राजपुत्रांना सहा महिन्यांत शिकविली ती नीती, भाषा नव्हे.

आधुनिक पद्धतीचा एक धागा फ्रान्स्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाकडे जातो. दाराकडे जाणे, कडी काढणे, दार उघडणे अशा लागोपाठच्या कृतींची वाक्यमाला त्याने १८८० मध्ये मांडली. पुढे फिजीतील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तके पुरविण्यात आली. एली आणि मंगुभाई यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार ठरावीक रचनांचे पाठ गिरविणाऱ्या वर्गांपेक्षा या मुलांची वाचनातील व श्रवणातील प्रगती स्पष्टपणे अधिक होती.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिक्षणाचा इतिहास येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. मराठी अक्षरेही अजून न गिरविलेल्या मुलांपुढे इंग्रजी पुस्तक उघडून फारसे साधत नाही, तोंडी कामच करावे लागते, आणि गोष्टीची गरज खरी तेथे पडते.

चिऊ-काऊची गोष्ट यासाठी विशेष सोयीची आहे. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराशी येऊन ‘स्पॅरो, स्पॅरो, ओपन द डोअर’ म्हणतो. आतून ‘वेट, आय अ‍ॅम बेदिंग माय बेबी’ असे उत्तर येते, मग ‘फीडिंग’, मग ‘ड्रेसिंग’. अर्धा वर्ग कावळा, अर्धा वर्ग चिमणी केला की चालू वर्तमानकाळ नावानिशी न सांगता पाच-सहा वेळा तोंडातून जातो. अडते ते तिटेपाशी. तिटेला इंग्रजी शब्द नाही. तो शोधत बसण्यापेक्षा ‘तीट’च ठेवून पुढे जाणे बरे. भोपळ्यातल्या म्हातारीचे ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन’ हे बोलणे याच रीतीने भविष्यकाळासाठी वापरता येते.

गोष्ट आधी मराठीत सांगावी की नाही, याबाबत मतभेद आहेत. प्रत्यक्ष पद्धतीचे पुरस्कर्ते मातृभाषा वर्गाबाहेर ठेवतात. दुसरा पक्ष मराठी कथनात इंग्रजी शब्द हळूहळू पेरत जातो. ओळखीच्या गोष्टीला मराठी प्रस्तावना लागत नाही आणि अनोळखी गोष्टीला दोन-तीन वाक्ये पुरतात, हे मत अधिक व्यवहार्य वाटते. गोष्ट ठाऊक असली की मुलाचे सगळे लक्ष शब्दांकडे राहते.

बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. सोबत गेलेल्या मुलांचे क्रमाने चालणारे धडे मधेच तुटतात. एका तासिकेत पुरी होणारी गोष्ट त्यांना परतल्यावरही धरता येते. लमाण तांड्यांवर मात्र घरची बोली गोरमाटी असते आणि मराठीही शाळेतच भेटते. चिऊ-काऊ तेथे ओळखीचे असतीलच असे नाही, म्हणून शिक्षकाला आधी मुलांकडून तांड्यावरची एखादी गोष्ट ऐकून घ्यावी लागते.