गर्भाशयमुख चाचणीतील वेदना व तिचे निवारण

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था वेळीच कळावी म्हणून, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचीही ठरावीक वर्षांनी आतून तपासणी केली जाते. बहुसंख्य स्त्रियांना ती केवळ अवघड वाटते. काहींना मात्र ती खरोखर दुखते, आणि काहींच्या बाबतीत ती अर्ध्यावरच सोडावी लागते. हे दुखणे कशामुळे होते, कशाने कमी होते आणि तपासणी जमलीच नाही तर पुढे काय करता येते, एवढ्यापुरती ही नोंद आहे. बोलण्यात गर्भाशयाला ‘पिशवी’ आणि गर्भाशयमुखाला ‘पिशवीचे तोंड’ म्हणतात, आणि दवाखान्यात बहुधा हेच शब्द कानावर पडतात.

तपासणीच्या तीन पद्धती रूढ आहेत. जॉर्ज पापानिकोलाऊ व हर्बर्ट ट्राउट यांच्या १९४१ सालच्या शोधनिबंधानंतर प्रसार पावलेल्या पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरच्या पेशी लाकडी पट्टीने किंवा मऊ ब्रशने हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे व्हीआयएमध्ये, ३ ते ५ टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावतात आणि कुठे पांढरा चट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तिसरी चाचणी रोगाचे मूळ कारण असलेल्या एचपीव्ही या विषाणूचा शोध घेते. यांपैकी दोन पद्धतींच्या मोठ्या चाचण्या महाराष्ट्रातच झाल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी केलेल्या व्हीआयएमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवली आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील शंभरांत दोन स्त्रियांचीही ही तपासणी झालेली नव्हती. याला सोयींचा अभाव हे मोठे कारण आहे, पण ‘तिथे फार दुखतं’ ही शेजारणीकडून ऐकलेली गोष्टही पाय मागे खेचते.

दुखते ते बहुधा पेशी खरवडताना नव्हे. गर्भाशयमुखाला स्पर्शाची जाणीव मंद असते. ताण आणि दाब मात्र त्याला कळतो. खरा त्रास होतो तो योनिमार्ग उघडून धरणाऱ्या स्पेक्युलमचा. आपल्याकडे त्याचे दोन प्रकार सर्रास वापरात आहेत. कुस्कोचा स्पेक्युलम बदकाच्या चोचीसारखा दोन पात्यांचा असतो, आत गेल्यावर तो उघडतो आणि स्क्रूने जागच्या जागी अडकवता येतो. सिम्सचा स्पेक्युलम दोन्ही टोकांना वाकलेल्या रुंद पट्टीसारखा असून तो कोणाला तरी हाताने ओढून धरावा लागतो. हे उपकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या जेम्स मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामा राज्यात अनार्का, बेट्सी, ल्युसी आदी गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. ‘बायकांना एवढे सोसवते’ हे गृहीतक या उपकरणाच्या जन्मापासून त्याला चिकटलेले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

व्हीआयएत आणखी एक गोष्ट घडते, जी आधी सहसा सांगितली जात नाही. आम्ल लावल्यावर निदान एक मिनिट थांबावे लागते आणि तोवर स्पेक्युलम आतच असतो. टेबलावर पाय फाकून पडलेल्या बाईला तो मिनिट फार लांब वाटतो. त्यातच आम्लाची किंचित चुणचुण होते, आणि ती होणार हे ठाऊक नसेल तर काहीतरी बिघडले असे वाटून अंग एकदम आवळले जाते.

अंग आवळले जाणे हेच दुखण्याचे मर्म आहे. योनिमार्गाभोवतीचे स्नायू भीतीने किंवा आधीच्या वेदनेच्या आठवणीने आपोआप घट्ट होतात, घट्ट झाल्यावर पाते अधिक टोचते, आणि टोचल्यावर ते आणखी घट्ट होतात. हे आकुंचन काहींमध्ये इतके तीव्र असते की बोटही आत जाऊ शकत नाही. त्या अवस्थेला योनिआकर्ष म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र उपचार असतात. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊन योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्यामुळे पूर्वी कधी न दुखलेली तपासणी पन्नाशीनंतर दुखू लागते. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), जंतुसंसर्ग, बाळंतपणातील टाक्यांचा व्रण आणि पूर्वी घेतलेले किरणोपचार हीही कारणे आहेत. गर्भाशय मागे झुकलेले असेल तर त्याचे तोंड सहजी दिसत नाही आणि शोधाशोध वाढते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला तपासणीची ती स्थितीच असह्य होऊ शकते, मग उपकरण कितीही लहान असो.

अशा वेळी टेबलाजवळून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘अंग ढिलं सोडा’. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हुकमाने ढिले होणारे हे स्नायूच नव्हेत. त्याऐवजी करता येण्याजोगी कृती सांगितली तर उपयोग होतो: तोंडाने हळूहळू श्वास सोडायचा आणि तो सुटत असतानाच स्पेक्युलम आत घेऊ द्यायचा, पायांची बोटे हलवत राहायची, कंबर वर उचलण्याऐवजी टेबलावर टेकवून ठेवायची. नितंबांखाली स्वतःच्या मुठी किंवा घडी घातलेली चादर ठेवल्यास मागे झुकलेल्या गर्भाशयाचे तोंड समोर येण्यास मदत होते. उताणे पडणे जमत नसेल तर डाव्या कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊनही तपासणी करता येते. गंमत म्हणजे या स्थितीलाही सिम्स यांचेच नाव आहे. काही स्त्रियांना स्पेक्युलम स्वतःच्या हाताने आत सरकवणे सोपे जाते, आणि प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिका त्यास हरकत घेत नाहीत.

तपासणाऱ्या व्यक्तीच्या हातात याहून बरेच काही असते. लहान व अरुंद पात्याचा स्पेक्युलम निवडणे, धातूचा असेल तर तो कोमट पाण्यात धरून घेणे, पाते मूत्रमार्गाच्या नाजूक बाजूला न दाबता खालच्या बाजूला दाब देत सरकवणे, आणि गर्भाशयमुख पात्यांच्या पकडीतून सुटल्यावरच पाती मिटवत तो बाहेर काढणे, यांनी बराच फरक पडतो. वंगणाने नमुना खराब होतो म्हणून कोरडाच स्पेक्युलम घालण्याची सवय अनेकांना असते. पाण्यात विरघळणारे थोडे वंगण पात्याच्या बाहेरच्या बाजूला लावल्यास सहसा बाध येत नाही. कार्बोमर हा घट्टपणा आणणारा पदार्थ असलेली वंगणे मात्र द्रवात गोळा केलेल्या पेशींच्या तपासणीत अडथळा आणू शकतात. पाळी गेलेल्या स्त्रीला तपासणीच्या काही आठवडे आधीपासून योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम दिल्यास अस्तर सुधारते. ते वैद्यकीय सल्ल्यानेच वापरायचे असते आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास ते आवर्जून सांगावे लागते. नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी तासभर आधी घेतल्याने काहींना आराम पडतो.

शिबिरांत तपासणी होते तेव्हा प्रश्न वेगळे असतात. शाळेच्या वर्गखोलीत दोन खांबांना साडी बांधून केलेला आडोसा, बाहेर रांगेत बसलेल्या ओळखीच्या बायका, आणि मध्येच पडदा सारून डोकावणारे कोणी, अशा वातावरणात कोणाचे अंग सैल पडेल? आशाताई किंवा सोबत आलेली बहीण, जाऊ डोक्याशी उभी राहिली, कमरेपासून खाली चादर टाकली, आणि प्रत्येक पायरीआधी ‘आता हात लावते’, ‘आता थंड लागेल’ असे सांगितले तर तीच तपासणी पुष्कळ सुसह्य होते. हात वर करताच थांबायचे, असे आधी ठरवून घेणे सर्वांत मोलाचे. थांबवता येते हे माहीत असलेल्या बाईला थांबवण्याची गरज कमी भासते. आधीची तपासणी दुखली होती किंवा शरीरसंबंध दुखतात, हे कपडे बदलण्यापूर्वी समोर बसून सांगितलेले बरे. अविवाहित स्त्रीला मात्र पुष्कळदा बोलायची संधीच मिळत नाही, कारण ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून तपासणी करायची की नाही हे परस्पर ठरते.

एवढे करूनही तपासणी जमली नाही तर ती रेटून पूर्ण करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या पद्धतीने ती करता येते. एचपीव्ही चाचणीमुळे स्पेक्युलम टाळणेही शक्य झाले आहे. कापसाच्या बोळ्यासारखी काडी किंवा छोटा ब्रश योनीत काही सेंटिमीटर सरकवून, फिरवून स्त्रीला स्वतःच नमुना घेता येतो. गर्भाशयमुखापर्यंत पोहोचण्याची गरज नसते. योग्य तंत्राने तपासल्यास असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने हा पर्याय मान्य केला असून ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून कार्यक्रमातील सर्व पात्र स्त्रियांना तो खुला केला. पॅप व व्हीआयए मात्र अशा रीतीने करता येत नाहीत, आणि विषाणू आढळल्यास बहुधा पुढची पायरी म्हणून स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख पाहावेच लागते.

तपासणीनंतर एखादा दिवस थोडा लाल डाग दिसणे किंवा ओटीपोटात हलके दुखणे स्वाभाविक आहे. रक्तस्राव पाळीसारखा होऊ लागला, ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला तर दवाखाना गाठावा लागतो. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे किंवा सतत दुर्गंधीयुक्त पाणी जाणे अशी तक्रार असलेल्या स्त्रीचा अलीकडचा चाचणी अहवाल निर्दोष असला, तरी तिची तपासणी पाच वर्षांच्या वेळापत्रकावर सोडता येत नाही.