अर्ध्या सेकंदाचा संशय

२०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत बसले होते. ते मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर आहेत, आणि पोस्टग्रेस घडवणाऱ्यांपैकी एक. असा वेग मोजताना मशीन शांत लागतं, मागे दुसरं काही चालू असलं की आकडे बिघडतात. म्हणून मागे काय चाललंय ते त्यांनी पाहिलं, तर दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच हा प्रोग्राम प्रोसेसर भलताच खात होता. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही मशीनवर बॉट खोट्या नावांनी लॉगिनचे प्रयत्न करतच असतात, त्यात नवल नाही. पण ज्या नावाचा वापरकर्ताच नाही, त्याला नकार द्यायला असं किती काम पडणार? पूर्वी ०.२९९ सेकंदात येणारा नकार आता ०.८०७ सेकंद घेत होता.

एरवी कुणी याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. फ्रॉइंड मात्र मागे लागले, आणि माग एसएसएचच्या बाहेर, भलत्याच ठिकाणी गेला. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं एक जुनं, साधं साधन आहे. एसएसएचच्या मूळ कोडला त्याची गरजच नाही. पण डेबियन, फेडोरासारखी लिनक्स वितरणं, म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीचे तयार संच, एसएसएच आपल्या व्यवस्थेत बसवताना त्याला सिस्टमडी या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडतात, आणि ती लायब्ररी एक्सझेडची लायब्ररी सोबत ओढून आणते. या आडवाटेने लॉगिनच्या दारात एक चोरकिल्ली आली होती. विशिष्ट गुप्त चावी ज्याच्याकडे असेल, त्याला पासवर्डशिवाय त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी हे जाहीर केलं. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले. सुदैवाने ५.६.० आणि ५.६.१ या बाधित आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या आणि सतत बदलणाऱ्या वितरणांपर्यंतच पोचल्या होत्या. जगभरचे सर्व्हर ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात, त्या वाचल्या.

ही चोरकिल्ली बसवणाऱ्याला कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. एक्सझेड वर्षानुवर्षं फिनलंडचे लासे कॉलिन जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी छोट्या छोट्या सुधारणा पाठवू लागलं. काम चांगलं होतं, वागणं नम्र. २०२२ मध्ये आणखी काही नावं उगवली आणि बदल लवकर का स्वीकारले जात नाहीत, दुसरा सांभाळणारा का नेमत नाही, अशी टोचणी सुरू झाली. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात ठेवा, असं कॉलिन यांनी उत्तरात सांगूनही पाहिलं. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले, आणि २०२३ पासून नव्या आवृत्त्याही त्याच नावाने निघू लागल्या. टोचणी लावणारी ती नावं पुढे फारशी कुठे दिसली नाहीत. ती याच कटातली असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

लपवण्याची हातचलाखीही पाहण्यासारखी आहे. फाइल दाबणाऱ्या साधनाची चाचणी घ्यायला मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लागतात, त्या उघडून वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. घातक भाग अशाच चाचणीच्या फाइलींत होता. तो बाहेर काढून जोडणाऱ्या ओळी सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हत्याच. वितरणांसाठी जो गठ्ठा वेगळा बांधला जातो, त्यातल्या एका स्क्रिप्टमध्ये त्या होत्या. शिवाय डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचं पॅकेज बांधलं जात असेल तरच त्या जाग्या व्हायच्या. दुसऱ्या एका बदलात तर फक्त एक टिंब होतं. लिनक्सची लँडलॉक ही संरक्षक चौकट मशीनवर आहे का, हे तपासणाऱ्या चिमुकल्या प्रोग्राममध्ये एका ओळीवर एकटा पूर्णविराम टाकलेला. त्यामुळे तो प्रोग्राम कंपाइलच होईना, म्हणजे चालण्याजोगा तयारच होईना, आणि ‘ही सोय इथे नाही’ असं समजून एक्सझेडची बांधणी मुकाट पुढे जायची. दुसऱ्याच्या कोडचं परीक्षण करताना असं टिंब नजरेतून सुटणार नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

परीक्षणातून नेमकं काय साधतं यावर संशोधन झालेलं आहे. २०१३ मध्ये अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या कोड-परीक्षणाचा अभ्यास केला. चुका सापडाव्यात म्हणून परीक्षण करतो, असं लोक सांगत. प्रत्यक्षात चुकांबद्दलचे शेरे अपेक्षेपेक्षा कमी निघाले. फायदा जास्त दिसला तो एकमेकांचं काम कळण्यात आणि ज्ञान पसरण्यात. मग जिथे दुसरा माणूसच नाही, तिथे तोही फायदा नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे १३३ लोकप्रिय प्रकल्प घेऊन त्यांचा ‘ट्रक फॅक्टर’ काढला, म्हणजे किती जण अचानक गेले तर काम ठप्प होईल याचा अंदाज. ६५ टक्के प्रकल्पांत उत्तर आलं, एक किंवा दोन. डार्मस्टाटच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या एनपीएम या भांडाराकडे पाहिलं. तिथलं सरासरी एक पॅकेज घेतलं की आपण नकळत इतर ७९ पॅकेजांवर आणि ३९ सांभाळणाऱ्यांवर विश्वास टाकतो.

हा विश्वास किती नाजूक आहे, हे मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळ्याच रीतीने दाखवलं. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलचे परीक्षक फसतात का हे पाहायला त्यांनी खोट मुद्दाम ठेवलेले बदल पाठवले. परीक्षकांना याची कल्पना नव्हती. २०२१ मध्ये कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे बदल घेणंच थांबवलं, आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. कर्नलवाल्यांचा संताप मला रास्त वाटतो, कारण ज्यांचा वेळ आधीच अपुरा त्यांच्यावरच हा प्रयोग झाला. तरी संशोधकांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, तीनच वर्षांत एक्सझेडने तो खरा करून दाखवला.

उपाय म्हणून कोड पाठवणाऱ्यांची ओळखपत्रं तपासा, असं सुचवणारेही आहेत. मला ते पटत नाही. कागदपत्रं खोटी बनवता येतात, आणि दोन वर्षं चिकाटीने काम करणाऱ्याला ती बनवणं काय जड? माणूस ओळखण्यापेक्षा वस्तू तपासणं जमण्यासारखं आहे. डेबियनमध्ये २०१३ पासून पुनरुत्पादक बांधणीचं काम चालू आहे. तोच कोड कुणीही, कुठेही बांधला तरी शेवटची फाइल बिटबरहुकूम तीच आली पाहिजे, न आल्यास मध्ये कुणीतरी हात घातला. एक्सझेडला एवढ्यानेही पकडलं नसतं, कारण खोट मूळ गठ्ठ्यातच होती. पण तो गठ्ठा आणि सार्वजनिक भांडार यंत्राकडून ताडून पाहिलं असतं, तर जास्तीच्या ओळी लगेच दिसल्या असत्या. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाचे कोणते भाग आहेत, त्याची घटकयादी ठेवणं हा दुसरा भाग. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. यादीने चोर सापडत नाही, पण तो सापडल्यावर आपल्या घरात शिरलाय का, ते तासाभरात कळतं.

पैशाचा मुद्दा उरतोच. २०१४ मध्ये हार्टब्लीड या त्रुटीने ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या प्रकल्पाची दैन्यावस्था उघडी पाडली, तेव्हा लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी गोळा केला. जर्मनी २०२२ पासून अशा पायाभूत कोडसाठी सरकारी पैसा देते. ही मदत नावाजलेल्या प्रकल्पांकडे आधी जाते, आणि एक्सझेडचं नाव मार्च २०२४ पूर्वी कितींनी ऐकलं होतं? प्रकरण उघडकीला आल्यावर जिया टॅनने केलेले बदल एकेक करून तपासायला कॉलिनच बसले. चोरकिल्ली काढलेली ५.६.२ ही आवृत्ती त्यांनी २९ मे २०२४ रोजी प्रसिद्ध केली.