जखमीला ओसरीवर घेतलं म्हणून केस होत नाही

निपाणीजवळ तवंदी घाटात गाडी उलटली की जवळच्या वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घरात घेऊ नको, केस अंगावर येईल." लहानपणापासून ऐकतोय. या भीतीपायी माणसं रस्त्याकडेला तशीच पडून राहतात, म्हणून स्पष्ट लिहितो: हे खरं नाही.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने तातडीची मदत करताना हातून चूक झाली, अगदी जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं का, तेही तुमच्या मर्जीवर. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कागलला जे लागू तेच कर्नाटकातल्या निपाणीला. कर्नाटकाने स्वतःचाही वेगळा कायदा केलाय. अपघात ज्याच्या हातून झाला, त्याला मात्र हे संरक्षण नाही.

आधी १०८ ला फोन लावा. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका; आपल्याकडे पहिला तांब्याच पुढे येतो, पण ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.