टायमिंग बेल्ट की टायमिंग चेन: तुटल्यावर इंजिनात नेमकं काय होतं?

माझ्या मावसभावानं जुनी डिझेल गाडी घेतली, तेव्हा आधीच्या मालकानं बिलांची अख्खी फाइल हातात ठेवली होती. त्यातल्या एका बिलावर ठळक लिहिलेलं: ‘बेल्ट बदलला’. गाडी ९२ हजार चाललेली, बेल्ट नवा, मग काळजी कसली? चार महिन्यांनी खंबाटकी चढताना इंजिन एकदम गप्प झालं. धूर नाही, मोठा आवाज नाही. त्यानं गाडी कडेला घेऊन चार-पाचदा सेल मारला. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला, पण इंजिन काही लागलं नाही. साताऱ्याच्या ओळखीच्या मेस्त्रींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “दादा, सेल किती वेळा मारला?” उत्तर ऐकून म्हणाले, “आता हात लावू नका. टो करून आणा.”

बिलावरचा बेल्ट फॅन बेल्ट निघाला. तुटला होता तो टायमिंग बेल्ट.

हा घोटाळा फार जणांचा होतो. बॉनेट उघडल्यावर समोर दिसतो तो बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर असली बाहेरची कामं करतो. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, एसी बंद पडतो, काही गाड्यांत इंजिन तापतं. त्रास होतो, पण वेळीच थांबलात तर इंजिन वाचतं. स्कूटरचा बेल्ट आणखी वेगळा, तो मागचं चाक फिरवतो. टायमिंग बेल्ट यांपैकी कुठलाच नव्हे. तो कव्हरच्या आत दडलेला असतो आणि गाडी विकेपर्यंत बऱ्याच मालकांना त्याचं दर्शनही होत नाही.

त्याचं काम एकच: खाली फिरणारा क्रँक आणि वरचा कॅम यांची जोडी जुळवून ठेवणं. क्रँक पिस्टन वर-खाली करतो, कॅम व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दाते. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. एवढ्या घाईत पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्ह आपल्या जागी परतलेला हवा. हे काम दातेरी रबरी पट्ट्याकडे दिलं की तो टायमिंग बेल्ट, लोखंडी साखळीकडे दिलं की टायमिंग चेन.

आता तो बेल्ट तुटला असं धरा. कॅम जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतात, ते तसेच खाली लोंबकळत राहतात. क्रँक मात्र थांबत नाही, कारण गाडी गिअरमध्ये असते आणि चाकं त्याला फिरवत राहतात. पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. क्लच दाबेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

साताऱ्यात हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्यावर मेस्त्रींनी पिस्टनच्या डोक्यावर टॉर्च मारला. काजळीत चंद्रकोरीसारखे चकचकीत ठसे उमटले होते, व्हॉल्व्हच्या कडेचे. मग त्यांनी एक व्हॉल्व्ह काढून काचेच्या तुकड्यावर लाटण्यासारखा फिरवला. सरळ व्हॉल्व्ह काचेवर सुतासारखा गडगडतो, हा डुचमळत होता. आठांपैकी सहा वाकलेले, व्हॉल्व्ह दाबणारे दोन रॉकर तुटलेले. स्टार्टर हलका का फिरत होता, तेही तिथेच कळलं. वाकलेले व्हॉल्व्ह बसत नाहीत, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं, उरत नाही, मग स्टार्टरला ढकलायला काही राहतच नाही.

पण प्रत्येक इंजिनात असं होत नाही, आणि बेल्ट-चेनच्या वादात नेमकी हीच गोष्ट राहून जाते. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी त्याच्या आणि पिस्टनच्या मध्ये जागा उरते. फियाटचं जुनं, आठ व्हॉल्व्हचं ‘फायर’ पेट्रोल इंजिन तसं होतं, आपल्याकडे युनोमधून आलेलं. त्याचा बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात बंद पडे, पण नवा बेल्ट चढवून टायमिंग जुळवलं की पुन्हा चालू. दुसऱ्या जातीच्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकच जागा आळीपाळीनं वापरतात. दोघांच्या वेळा चुकल्या की टक्कर. आजची बहुतेक पेट्रोल इंजिनं या दुसऱ्या जातीची, आणि डिझेल तर जवळपास सगळीच. डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागा उरतच नाही. थोडक्यात, इंजिन फुटेल की नाही हे बेल्ट आहे की चेन यावर ठरत नाही. दुसऱ्या जातीच्या इंजिनात चेन तुटली किंवा दोन-तीन दाते सरकली, तरी व्हॉल्व्ह तेवढेच वाकतात.

मग दोघांत फरक काय? माझ्या मते खरा फरक एकच. बेल्टला तारीख असते पण तो सहसा आगाऊ कळवत नाही. चेनला तारीख नसते पण ती आधी ओरडते.

बेल्ट म्हणजे रबर आणि आत काचतंतूंच्या दोऱ्या. तो कोरडा चालतो, तेल त्याचं वैरी. कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही देते, आणि दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचं. किलोमीटर इंजिनागणिक वेगळे, साधारण ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत. लोक वर्षं विसरतात. सोसायटीत कव्हर घालून उभी असलेली, दहा वर्षांत ३५ हजारच चाललेली गाडी ‘नव्यासारखी’ असते खरी, पण तिचं रबर दहा वर्षांचंच असतं. शिवाय पुष्कळदा बेल्ट आपणहून तुटत नाही. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं किंवा त्याला वाट दाखवणाऱ्या आयडलर चक्राचं बेअरिंग जाम होतं, किंवा त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप अडकतो आणि बेल्टचे दाते सोलून निघतात. म्हणून नुसता बेल्ट बदलणं ही खोटी बचत. मजुरी तीच पडते, कव्हर एकदाच उघडतं, अख्खं किट घाला.

चेनचं उलट. ती तेलात न्हालेली, इंजिनाच्या आत. कंपनी म्हणते, इंजिनाइतकी टिकेल. टिकतेही, पण तेलाच्या जिवावर. ‘चेन लांबली’ असं आपण म्हणतो तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं, कड्यांच्या पिना झिजलेल्या असतात. समजा दीडशे सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा दोन शतांश मिलिमीटर झिजला, तर एकूण चेन ३ मिलिमीटर लांब झाली. ही ढील टेन्शनर खातो, आणि बऱ्याच इंजिनांत तो टेन्शनर तेलाच्या दाबावरच चालतो. तेल कमी, जुनं किंवा भलतंच असेल तर पिनाही झिजतात आणि टेन्शनरही ढिला पडतो. चेन ज्यावर घासत जाते ते गाइडसुद्धा प्लॅस्टिकचेच असतात. सकाळी पहिल्या सेलला खर्रर्र असा आवाज येऊन एक-दोन सेकंदांत थांबत असेल तर लक्ष ठेवा. तो रोज लांबत चालला तर तीच सूचना. पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-००१६ येतो, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचं आपसात पटेनासं झालंय. काही जण तो कोड पुसून गाडी चालवत राहतात, त्यांच्या धाडसाला काय म्हणावं!

चेन आधुनिक आणि बेल्ट जुनाट, ही समजूतही खोटी. ॲम्बॅसिडर आणि कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी या दोघींना चेनच होती, कारण कॅम खाली इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी असे आणि आखूड चेन पुरे. कॅम वर हेडमध्ये गेला तशी चेन लांब आणि आवाजी झाली. बव्हेरियातल्या ग्लास कंपनीनं १९६२ साली आपल्या १००४ गाडीत रबरी दातेरी बेल्ट घातला. स्वस्त, शांत, तेलाची भानगड नाही, त्यामुळे पुढची तीस-चाळीस वर्षं बेल्टची झाली. आपल्याकडे मारुती ८०० ला बेल्ट, जुन्या सँट्रोला बेल्ट, इंडिका डिझेललाही बेल्ट. मग ‘देखभाल नको’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं आणि चेन परतली: मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, तसंच स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत कित्येक गाड्यांत बसलेलं १.३ मल्टिजेट डिझेल. इनोव्हाचं जुनं २.५ डिझेल बेल्टचं, क्रिस्टाचं २.४ चेनचं. त्यामुळे ‘इनोव्हाला काय असतं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. फोक्सवॅगन तर उलट्या दिशेनं गेली. पोलो जीटीतलं १.२ टीएसआय पेट्रोल इंजिन चेनचं होतं, नंतरचं १.० टीएसआय बेल्टचं.

एक तिसरा प्रकारही आहे, तेलात भिजलेला बेल्ट. इकोस्पोर्टमधलं फोर्डचं १.० इकोबूस्ट पेट्रोल इंजिन तसं होतं. कल्पना चांगली, घर्षण कमी. पण चुकीचं तेल पडलं किंवा तेलात पेट्रोल मिसळत राहिलं तर रबर सुटून त्याचा चुरा होतो, तो तेलाच्या जाळीत अडकतो आणि तेलाचा दाबच पडतो. बेल्ट तुटायच्या आतच इंजिन जाऊ शकतं. युरोपात पुजो-सित्रोएनच्या १.२ प्युअरटेकलाही याच दुखण्यानं ग्रासलं, आणि त्याच्या हायब्रिड आवृत्तीत कंपनी चेनवर आली. असं इंजिन असेल तर पुस्तिकेत लिहिलेलं तेलच घाला, ‘साहेब, हे पण चालतं’ ऐकू नका.

आपल्या गाडीत काय आहे ते ओळखायचं तर इंजिनाच्या कडेला बघा. क्लिपांनी किंवा बारीक बोल्टांनी बसवलेलं हलकं प्लॅस्टिकचं कव्हर म्हणजे बहुधा कोरडा बेल्ट. भोवती बोल्टांची रांग असलेलं धातूचं बंद कव्हर म्हणजे चेन किंवा तेलातला बेल्ट. खात्री पुस्तिकेतच होते. सर्व्हिसच्या तक्त्यात टायमिंग बेल्टची ओळ असेल तर बेल्ट आहे.

जुनी गाडी घेणार असाल आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून किटचे पैसे किमतीतून कापून मागा. किट काही हजारांत होतं, हेडचं काम काढलं की आकडा लाखाकडे निघतो. बिलावर ‘टायमिंग’ हा शब्द, टेन्शनर, आयडलर आणि त्यावेळचे किलोमीटर असायला हवेत. बेल्टची डिझेल गाडी धक्का मारून सुरू करू नका, झटक्यानं दाता सरकू शकतो. चेनची गाडी असेल तर डिपस्टिक ओढून तेलाची पातळी आणि रंग बघा, आणि गाडी गार असताना पहिला सेल स्वतः मारा. विकणारा ‘मी गरम करून ठेवतो’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

मावसभावाची गाडी अठरा दिवसांनी परत आली. मेस्त्रींनी टायमिंग कव्हरवर पांढऱ्या मार्करनं तारीख आणि ९४,३१० असा आकडा लिहून दिला होता, आणि फाइलमधल्या त्या जुन्या बिलावर ‘बेल्ट’च्या आधी बॉलपेननं ‘फॅन’.